गोल्फची ग्रिप कशी सुधारावी? (ड्रायव्हर उजवीकडे, ग्लोव्हला भोक)

सह्यकडा

नमस्कार मंडळी. क्रिकेट, बॅडमिंटन, ट्रेकिंग यांवर इथे भरपूर धागे आहेत. गोल्फवर एकही सापडला नाही, म्हणून काढतोय.

मी पुण्यात असतो, उजव्या हाताने खेळतो, बरेच महिने ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जातोय. सात नंबरचं आयर्न (मध्यम अंतराचा क्लब, म्हणजे काठी) बऱ्यापैकी सरळ जातं. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात घेतला की मात्र चेंडू सरळ निघतो आणि पुढे उजवीकडे वळत थेट झाडांत जातो. शिवाय डाव्या ग्लोव्हला करंगळीखालच्या मांसल भागावर भोक पडतं, दर वेळी तिथेच.

कोच म्हणाले, "स्विंगचं नंतर बघू. क्लब तळहातात धरलाय, तो बोटांत पाहिजे." त्यांनी हात लावून दिला. पण तसा धरला की क्लब निसटेल असं वाटत राहतं, आणि सरावाच्या चेंडूंची अर्धी बादली संपेपर्यंत हात आपोआप जुन्या जागी जातात.

ग्रिप ही एकच गोष्ट चेंडू न मारता घरात बसून सुधारता येते, म्हणून सध्या सगळी मेहनत तिच्यावरच घालायचं ठरवलंय. बोटं एकमेकांत अडकवावीत की वर ठेवावीत? किती घट्ट धरायचं? आणि पावसाळ्यात काय करता? सविस्तर लिहा, घाई नाही.

चेंबूरकर

छान विषय. कोचचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मला जमतं तसं लिहितो, उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी.

सरळ उभे राहा, डावा हात मांडीशेजारी सैल सोडा. तो नैसर्गिकपणे किंचित आत वळलेला दिसेल. क्लबवरही तो तसाच यायला हवा, मुद्दाम पिळायचा नाही. आता क्लबची दांडी करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी ठेवा आणि तळहाताचा करंगळीकडचा गादीसारखा भाग वरून दाबा. अंगठा दांडीच्या मध्यावर न ठेवता जरा उजवीकडे. मान खाली घालून पाहिलंत तर डाव्या मुठीचे दोन, फार तर अडीच उंचवटे दिसावेत. अंगठा आणि तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याच्या दिशेने.

उजवा हातसुद्धा बोटांनीच. डावा अंगठा उजव्या तळहाताच्या खळग्यात झाकला गेला पाहिजे आणि उजव्या हाताची घडी डाव्या घडीला समांतर यायला हवी. दोन घड्या दोन दिशांना असतील तर दोन्ही हातांचं आपसात भांडण सुरू होतं.

बरोबर आलं की नाही हे तपासायला: फक्त डाव्या हाताची तर्जनी खालून आणि ती गादी वरून, एवढ्यावर क्लब उचलून धरा. बाकीची बोटं उघडी. क्लब सहज तोलला गेला तर बोटांत आहे. खाली पडायला लागला तर तळहातात आहे.

भोकाचं म्हणाल तर दांडी तळहातात असली की प्रत्येक फटक्याला तिथे घासते. काही जण अगदी टोकाला धरतात, त्यानेही तेच होतं. वरचं टोपण नि साधारण अर्धा इंच दांडी हाताबाहेर राहू द्या.

निळावंती

काकांनी लिहिलेली तर्जनीची चाचणी मी जेवणाच्या टेबलापाशी लाटण्यावर करून पाहिली. मुलगा बघतच राहिला :)

बोटं अडकवण्याबद्दल: माझे हात लहान आहेत. आधी सगळ्यांनी वार्डन ग्रिप शिकवली, म्हणजे उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर. ती सारखी सुटायची. इंटरलॉक केल्यापासून, म्हणजे उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत गुंतवल्यापासून, दोन्ही हात एकत्र चालतात. अमेरिकेचा दिग्गज जॅक निक्लॉस, त्याचे हातही लहानच, त्याने आयुष्यभर इंटरलॉकच वापरली. टायगर वूड्सचीही तीच. फक्त बोटं मुळापर्यंत खुपसू नका, नाहीतर क्लब परत तळहातात सरकतो.

रंकाळा

मी दहा बोटांनी धरतो, बॅटसारखी. लई सोपी वाटते. नियमात बसत नाही का?

चेंबूरकर

रंकाळा, नियमात व्यवस्थित बसते. लहान मुलं, मनगटात कमी ताकद असलेले, सांधेदुखीवाले यांना तर ती मी मुद्दाम सुचवेन. दोन्ही हातांमध्ये फट मात्र राहू देऊ नका.

हॅरी वार्डनचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. हा १८७० साली जर्सी बेटावर जन्मला, ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकला (पहिली १८९६, शेवटची १९१४), १९०० साली अमेरिकन ओपनही. त्याच्यामुळे ग्रिपला त्याचं नाव पडलं, पण तशी ग्रिप त्याच्या आधी स्कॉटलंडचा हौशी विजेता जॉनी लेडले वापरायचा. लेडलेला श्रेय मिळालं पाहिजे असं मला नेहमी वाटतं.

पदार्थविज्ञान

थोडा असहमत आहे. स्लाइसचं, म्हणजे चेंडू असा उजवीकडे वळण्याचं, कारण फक्त ग्रिप मानू नका. चेंडू सुरुवातीला कुठे जातो हे बहुतांशी क्लबच्या तोंडाची (चेंडूला लागणाऱ्या बाजूची) दिशा ठरवते. पुढे तो वळतो कारण तोंडाची दिशा आणि क्लबच्या प्रवासाची दिशा वेगळी असते. सह्यकडा यांचा चेंडू सरळ निघून उजवीकडे वळतो, म्हणजे आघाताच्या वेळी तोंड साधारण लक्ष्याकडे आहे, पण क्लब बाहेरून आत कापत येतोय. ही स्विंगची चूक. ग्रिप बदलून मार्ग बदलणार नाही.

सात नंबर सरळ का जातो तेही यातच आहे. आयर्नच्या तोंडाला उतार जास्त, त्यामुळे उलटी फिरकी भरपूर मिळते आणि तिरकेपणा झाकला जातो. ड्रायव्हरला उतार कमी, म्हणून तोच दोष उघडा पडतो.

चेंबूरकर

उताराचं अगदी बरोबर. पण माणूस बाहेरून आत का कापायला लागतो ते बघा. डावा हात फार डावीकडे वळलेला असेल, म्हणजे वीक ग्रिप, तर तोंड उघडं राहतं. चेंडू उजवीकडे जायला लागला की माणूस नकळत डावीकडे मारायला लागतो, आणि तिथून कापायची सवय लागते. मूळ ग्रिपमध्ये, लक्षण स्विंगमध्ये. आधी मूळ सुधारा, आठवडाभर थांबा, मग मार्ग बघा. दोन्ही एकदम बदलायला गेलात तर कशाचा गुण आला ते कळणार नाही.

पदार्थविज्ञान

हा क्रम मान्य. त्या आठवड्यात मोबाइलवर मागून, लक्ष्याच्या रेषेत, व्हिडिओ काढून ठेवा एवढंच सांगेन. नंतर तुलना करता येईल.

अंधेरी_फास्ट

आपल्याकडे सगळे क्रिकेटमधूनच येतात, त्यामुळे खालचा हात जोर करतो. बॅट पकडायची सवय इतकी मुरलेली असते की उजवा हात दांडीखाली सरकतो आणि ड्रायव्हरने पुल मारल्यासारखं होतं. माझा उजवा हात वर आणायला फार वेळ लागला. रेंजवर उजवा हात सोडून फक्त डाव्याने हळू अर्धे स्विंग करायचो, त्याने फरक पडला.

गोदाकाठ

क्रिकेट-गोल्फ निघालंच आहे तर: आमच्या नाशकात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला अजूनही सगळे गोल्फ क्लब मैदान म्हणतात. रणजीचे सामने तिथे बघितले, पहाटे फेऱ्या मारल्या, पण गोल्फची काठी त्या मैदानावर कधी दिसली नाही :)

अंधेरी_फास्ट

हाहा, आणि आमच्याकडे चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, पण रिक्षावाल्याला सांगितलं तर तो विचारतो, "कुठला क्लब, नाचायचा?"

डर्बनकर

नोकरीमुळे इथे दक्षिण आफ्रिकेत असतो. ग्रिपचा धागा आहे आणि पापवा सेवगोलमचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून लिहितो.

सेवसंकर "पापवा" सेवगोलम हा डर्बनचा भारतीय वंशाचा कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या क्लबांची बॅग वाहणारा. कुणी शिकवलं नाही. त्याची ग्रिप उलटी होती: उजव्या हाताने खेळायचा, पण डावा हात खाली आणि उजवा वर. कुठलाही कोच बघताक्षणी बदलेल अशी. त्या ग्रिपने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ साली डर्बन कंट्री क्लबवर नाताल ओपन (नाताल हा डर्बनचा प्रांत) जिंकली. वर्णभेदाचे दिवस, क्लबच्या इमारतीत गोऱ्यांखेरीज कुणाला प्रवेश नाही. गोरे खेळाडू आत आणि विजेता बाहेर. करंडक त्याला पावसात उभा करून दिला. तो फोटो जगभर गेला. १९६५ ला त्याने त्याच स्पर्धेत इथल्या दिग्गज गॅरी प्लेअरला हरवलं. पुढे सरकारने त्याला मोठ्या स्पर्धांतून बंदच केलं.

इथे उमगेनी नदीकाठी त्याच्या नावाचं गोल्फ कोर्स आहे. तिथे खेळताना मला दर वेळी तो फोटो आठवतो आणि राग येतो.

निळावंती

हे अजिबात माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद, डर्बनकर. वाचून गलबलायला झालं.

रंकाळा

मग गड्या, ग्रिप कशी बी चालती की! पापवा उलटी धरून जिंकला, आपण पुस्तकातली कशाला घोकायची?

डर्बनकर

रंकाळा, तो लहानपणापासून तशीच धरत आला होता, त्याचा सगळा स्विंग त्या ग्रिपभोवती वाढला. त्याचे दोन्ही हात रोज सारख्याच जागी पडायचे, यातलं घेण्यासारखं ते आहे. आपले हात बादलीच्या सुरुवातीला एका जागी आणि शेवटी दुसऱ्या जागी असतात. सह्यकडा यांनी नेमकं तेच लिहिलंय.

चेंबूरकर

+१. अमेरिकेच्या जिम फ्युरिकचंही तसंच. तो एकाऐवजी दोन बोटं वर ठेवतो आणि स्विंग तर कुणाच्याच सारखा नाही. २०१६ साली त्याने अठरा होलचा एक राउंड ५८ फटक्यांत संपवला. पण आपण चाळिशीत सुरुवात करतोय. मळलेली वाट धरलेली बरी.

फिजिओ_ठाणे

वेदनांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझ्याकडे येणारे हौशी गोल्फर बहुतेक वेळा एकाच सवयीने दुखावलेले असतात: फार घट्ट पकड. हाताचे स्नायू सतत आवळलेले राहिले की कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं (गोल्फर्स एल्बो), पुष्कळदा बाहेरच्या बाजूलाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुखत असेल, विशेषतः अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवताना, तर अंगठ्याच्या स्नायुबंधांना सूज असू शकते. डावा अंगठा दांडीवर लांब ताणून ठेवणाऱ्यांनी तो जरा आखडता घ्यावा.

एक गोष्ट दुर्लक्षू नका. जमिनीत जोरात फटका बसल्यावर डाव्या तळहातात करंगळीच्या बाजूला दुखत राहिलं, मूठ आवळताना कळ आली, तर तिथल्या हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा हुकसारखा आकडा मोडलेला असू शकतो. क्लबचं टोक नेमकं तिथेच दाबतं. साध्या एक्स-रेमध्ये तो पुष्कळदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. मुरगळलं असेल म्हणून महिनोन्महिने तेल चोळत बसू नका.

सह्यकडा, तुमचं भोक त्याच जागी पडतंय. दुखत नाही ना?

सह्यकडा

दुखत नाही, फक्त घट्टा आहे. विचारलंत, खूप बरं वाटलं.

तरी "किती घट्ट" हे मोजायचं कसं?

चेंबूरकर

सॅम स्नीड, पीजीए टूरच्या ८२ स्पर्धा जिंकलेला माणूस, सांगायचा की जिवंत पक्षी हातात आहे असं समजून धरा: उडून जाऊ नये आणि गुदमरूही नये. आकड्यात हवं असेल तर दहापैकी चार-पाच. जोर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्याच्या मधल्या दोघांत. उजवा अंगठा आणि तर्जनी चिमटा काढल्यासारखी दाबू नका. दाबलीत की खांद्यापर्यंत सगळं ताठ होतं.

पदार्थविज्ञान

आकड्यापेक्षा तो आकडा शेवटपर्यंत सारखा राहणं महत्त्वाचं वाटतं. बहुतेक जण चारने सुरू करतात आणि वरून खाली येताना नऊवर जातात. गवतातून मारायचं असेल तर सुरुवातच सहाने करा, मध्येच आवळू नका.

ग्रिपवाला_नवी_मुंबई

मी क्लब दुरुस्तीचं काम करतो. हाताबद्दल एवढं लिहिलंत, रबराबद्दल कुणीच नाही!

दांडीवरची रबरी ग्रिप झिजून गुळगुळीत झाली की माणूस आपोआप आवळून धरतो, मग कोच कितीही सांगो. नियमित खेळत असाल तर वर्षातून एकदा किंवा चाळीसेक राउंडनंतर बदला. गाडीच्या डिकीत क्लब ठेवू नका, उन्हाने रबर कडक होतं. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि मऊ ब्रश, मग कोरडं पुसणं. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यानेच भागतं.

माप असं बघा: डाव्या हाताने धरल्यावर मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं अंगठ्याच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, अंतर राहत असेल तर जाड. जाड ग्रिपने मनगट मोकळं फिरत नाही असा माझा अनुभव, त्यामुळे स्लाइसवाल्यांनी उगाच जाडी वाढवू नये. थोडीच वाढवायची असेल तर आत टेपचा एक जादा थर पुरतो.

घरी बदलायची असेल तर: हूकसारख्या पात्याने जुनी ग्रिप आपल्या शरीरापासून लांब कापा. ग्रॅफाइटच्या दांडीवर पातं रुतू देऊ नका. जुनी टेप खरवडा, नवी दुहेरी टेप लावा, वरच्या भोकावर ती दुमडा. ग्रिपच्या आत आणि टेपवर मिनरल टर्पेंटाइन ओता, एका झटक्यात ग्रिप सारून रेषा सरळ करा, रात्रभर राहू द्या. काही जण पेट्रोल वापरतात. नका वापरू. बंद खोलीत, देवघरात दिवा लावलेला असताना पेट्रोल कसलं काढता!

अंधेरी_फास्ट

आणि पावसाळा?

ग्रिपवाला_नवी_मुंबई

सुती धागा मिसळलेल्या कॉर्ड ग्रिप घ्या. खरखरीत असतात, पण ओल्या हाताला धरून राहतात. मुंबईच्या घामाला तर बाराही महिने उपयोगी.

निळावंती

पावसासाठी वेगळे ग्लोव्ह मिळतात, जोडीने, दोन्ही हातांचे. ते भिजल्यावर जास्त पकडतात. कोरडे असताना तितके चांगले नाहीत, म्हणून चामड्याचा नेहमीचा ग्लोव्ह बॅगेत सुक्या पिशवीत ठेवा. टॉवेल छत्रीच्या आत काड्यांना अडकवायचा, बॅगेवर नाही. ओला चामडी ग्लोव्ह उन्हात वाळत घालू नका, पापडासारखा होतो. घरात पसरून ठेवा.

गोदाकाठ

पटिंगची (होलजवळ चेंडू हळू ढकलायची) ग्रिप पण हीच का?

चेंबूरकर

नाही, तिथे मनगट शांत हवं. बहुतेक जण डावी तर्जनी उजव्या बोटांवर सरळ ठेवतात. काही डावा हात खाली घेतात. जॉर्डन स्पीथ तसा पट करतो. पटरची ग्रिप सपाट चालते, बाकी क्लबांची गोलच लागते. पटर पोटाला किंवा छातीला टेकवून मारण्यावर मात्र १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे. पटिंगसाठी नवा धागा काढा, मी येतो.

सह्यकडा

मंडळी, अपडेट. रोज रात्री बातम्या बघताना क्लब हातात घेऊन ग्रिप लावायची, सोडायची, परत लावायची, असं चालू ठेवलंय. तर्जनीची चाचणी आता न बघता जमते. रेंजवर प्रत्येक चेंडूआधी हात पूर्ण सोडून नव्याने लावतो, त्यामुळे बादली निम्मी वेळ जास्त पुरते. ग्लोव्ह अजून शाबूत आहे!

स्लाइस बराच कमी झाला. पण आता अधूनमधून ड्रायव्हर डावीकडे हुक होतो. हे काय नवीन? आणि बोटांच्या आकाराचे साचे असलेली एक ग्रिप विकायला दिसली. घेऊ का?

चेंबूरकर

वा! खाली बघा, डाव्या मुठीचे तीनपेक्षा जास्त उंचवटे दिसत असतील. ती स्ट्राँग ग्रिप झाली. जोराशी तिचा संबंध नाही, हात उजवीकडे जास्त वळला एवढंच. त्यामुळे तोंड लवकर बंद होतं. केसभर डावीकडे आणा. बेन होगनसारख्या माणसाने हुकच्या त्रासापायी ग्रिप वीक करत नेली होती, तेव्हा हे दुखणं मोठ्या लोकांचं आहे.

पदार्थविज्ञान

आणि मागून काढलेला व्हिडिओ आता बघा. मार्ग बाहेरून आत होता तो किती बदलला? मला खरंच जाणून घ्यायचंय.

सह्यकडा

पाहिला. जरा कमी कापतोय. पूर्ण गेलेलं नाही. तुम्ही दोघंही बरोबर निघालात. आणि उंचवटे खरंच साडेतीन दिसतात, काका!

ग्रिपवाला_नवी_मुंबई

साच्याची ग्रिप जुन्या क्लबवर लावून घरी सरावाला वापरा. स्पर्धेत चालत नाही, नियमाने ग्रिपला बोटांचे साचे नसावेत. पूर्ण लांबीची सरळ, किंचित उंचावलेली रेषा असलेली ग्रिप मात्र चालते. बोटांना ती जाणवते, दर वेळी क्लब त्याच कोनात हातात येतो. तुम्हाला तीच सुचवेन.

रंकाळा

एक राहिलं. माझी पोरगी नऊ वर्षांची हाय, डावखुरी. तिला डाव्या क्लबांनी शिकवू की उजव्या? माझा जुना आयर्न कापून देऊ का?

चेंबूरकर

तिला दोन्ही बाजूंनी झाडू फिरवायला सांगा आणि जी बाजू ती आपण होऊन निवडेल तीच ठेवा. बॉब चार्ल्स १९६३ साली डावखुरा खेळून ब्रिटिश ओपन जिंकला. फिल मिकेल्सन बाकी सगळं उजव्याने करतो, गोल्फ डाव्याने. आपली दीक्षा डागर डावखुरी खेळते, टोकियो ऑलिंपिकला होती. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकला होता, तो उजवा. तेव्हा बाजूची काळजी करू नका.

ग्रिपवाला_नवी_मुंबई

आयर्न कापू नका. लांबी कमी होते, पण डोकं तेवढंच जड आणि ग्रिप तेवढीच जाड राहते. मग पोर तो तळहातातच धरणार, आणि तीच सवय पुढे काढावी लागेल. मुलांच्या मापाचा एक हलका सात नंबर आणि एक पटर घ्या, वापरलेले चालतील. वर्षभर तेवढे पुरतात. ग्रिप बदलायची असेल तर मुलांच्या बारीक ग्रिप वेगळ्या मिळतात. तिच्या हाताची लांबी, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मोजून इथे लिहा, माप सांगतो.

रंकाळा

पोरगी शाळेतनं आली की मोजून टाकतो.